पश्मी कारवानी पाळायचंय? पिल्लू निवडण्यापासून पहिली मोकळी धाव सोडेपर्यंत

आमची हरणी रस्त्यानं चालली की दिवसातनं एकजण तरी थांबून विचारतोच, "काय ओ, कुत्रीला खायला घालता का नाही?" कंबरेची दोन्ही हाडं वर आलेली, पोट पाठीला लागलेलं, शेवटच्या दोन-तीन बरगड्या मोजता येतील अशा. जत भागात ज्यांनी कारवानी, म्हणजे हे आपल्याकडचं पळणारं शिकारी जातीचं कुत्रं, बघितलंय त्यांना यात काही नवीन नाही, पण सांगली-मिरजेत किंवा साताऱ्यात नेलं की लोक हळहळतात. आणि खरी अडचण हीच आहे. हे कुत्रं बाकीच्या कुत्र्यांसारखं नाही, त्याचं अंग, रक्त, स्वभाव सगळं पळण्यासाठी घडलंय, आणि लोक त्याला लॅब्राडॉर किंवा जर्मन शेफर्डच्या मापानं पाळायला जातात. मग एकतर कुत्रं आजारी पडतंय नाहीतर मालक कंटाळून कुणाला तरी देऊन टाकतोय. म्हणून हे सविस्तर लिहितोय, जरा लांबेल पण सगळं वाचा.

आधी नावाचा घोळ मिटवू. कारवानी, कारवान, मुधोळ हाउंड ही सगळी एकाच कुळातली नावं. व्यापाऱ्यांच्या कारवानाबरोबर पश्चिम आशियातनं आलेली कुत्री म्हणून कारवानी असं मानलं जातं. मुधोळ आपल्या शेजारीच, बागलकोट जिल्ह्यात, जतवरनं अथणी-जमखंडी करत गेलं की लागतंय. तिथले राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जपली आणि पंचम जॉर्जला एक जोडी भेट दिली, तेव्हापासनं मुधोळ हे नाव चिकटलं. आज केनेल क्लब ऑफ इंडिया त्याला कारवान हाउंड म्हणतोय आणि इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाउंड, त्यामुळं कागदावर वेगळं नाव दिसलं तर गोंधळू नका. 2005 साली पोस्टानं देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यात मुधोळ होतं, आणि पुढं सैन्यानं मेरठच्या सेंटरला याची पिल्लं ट्रेनिंगसाठी नेली. हे झालं साध्या, आखूड केसाच्या कारवानीचं.

पश्मी म्हणजे त्याच कुळातलं लांब केसाचं. फारसीत पश्म म्हणजे लोकर, पश्मीना शाल म्हणतो त्यातलाच शब्द. अंगावर केस आखूडच, पण कानाला, शेपटीच्या खालच्या बाजूला आणि पायाच्या मागं रेशमासारखी झालर. परदेशातलं सालुकी बघितलं असेल तर तसंच दिसतंय. आखूड केसाची कारवानी आपल्या धनगर वस्त्यांवर अजून मिळतात, पश्मी मात्र शोधत फिरावं लागतंय. कुत्र्यांत लांब केसाचा गुण बहुतेक करून सुप्त असतो, म्हणजे आई-बाप दोघांकडनं आला तरच पिल्लात उतरतो. एका पश्मीचं जोड आखूड केसाशी लागलं की सगळी पिल्लं आखूड केसाची होऊ शकतात, गुण आत लपून बसतो, आणि पुढच्या दोन पिढ्यांत मालकाला माहितीच नसतंय की आपल्या कुत्र्यात पश्मीचं रक्त आहे. कमी होण्याचं एक मोठं कारण हे.

आता पहिली पायरी, आणि ही पिल्लू बघायला जायच्या आधीची आहे. स्वतःला विचारा की कुत्रं कशासाठी पाहिजे. राखणीला पाहिजे असेल तर हे येडगबाळ्यासारखं भुंकत बसणारं कुत्रं नाही. भुंकतंय, पण मोजकं. अनोळखी माणसानं हात लावलेला याला खपत नाही, चावत नाही सहसा, अंग चोरून बाजूला होतंय. पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारून लाड करून घेणारं कुत्रं पाहिजे असेल तरी हे नको. आणि शिकारीसाठी पाहिजे असेल तर सरळ सांगतो, आणू नका. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं ससा मारणं गुन्हा आहे, कुत्र्याकडनं धरवला तरी गुन्हाच. फ्लॅटमध्ये जमेल का असं बरेच जण विचारतात. उत्तर ऐकून नवल वाटेल, पण घरात हे कुत्रं मांजरासारखं शांत पडून असतंय, दिवसातले कितीतरी तास झोप. पण रोज कुठंतरी बंदिस्त मोकळ्या जागेत पळू देणं जमणार नसेल तर त्याचे हाल करू नका.

दुसरी पायरी पिल्लू निवडणं. इथं मी स्वतः पोळलोय. हरणीच्या आधी एक पिल्लू आणलं होतं, विकणाऱ्यानं दोन महिन्यांचं म्हणून दिलं, लस झालीय म्हणाला. पाचव्या दिवशी उलट्या, मग रक्ताची हगवण, आठव्या दिवशी गेलं. पार्वो, म्हणजे पिल्लांचा जीव घेणारा विषाणूचा आजार. डॉक्टरांनी तोंड उघडून दात दाखवले तेव्हा कळलं की ते जेमतेम महिन्याचं होतं. म्हणून सांगतो, वय विचारू नका, दात बघा. दोन महिन्यांच्या पिल्लाला दुधाचे सगळे 28 दात आलेले असतात. पुढचे बारीक दात आणि सुळे आलेत पण मागच्या दाढांचा पत्ता नाही, म्हणजे ते पिल्लू आईजवळच पाहिजे. 2017 च्या श्वान प्रजनन नियमांप्रमाणं आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही, हे विकणाऱ्याला तोंडावर सांगा. लसीचं कार्ड, त्यावर बाटलीचं स्टिकर आणि डॉक्टरांची सही. "टोचलंय हो" ह्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही.

आई बघितल्याशिवाय पिल्लू घ्यायचं नाही, हा माझा नियम. जमलं तर बापही. आपल्याकडं ग्रेहाउंड, म्हणजे शर्यतीत पळवतात त्या परदेशी कुत्र्याची, क्रॉस पिल्लं कारवानी म्हणून सर्रास विकतात. ओळखायचं कसं, तर कान बघा. कारवानीचा कान डोक्याला चिकटून खाली लोंबतो, ग्रेहाउंडचा मागं दुमडून बसतो. ग्रेहाउंडच्या मांड्या आणि पाठीवर मांसाचे गोळे असतात, कारवानी सडपातळ, लांब पायाचं, उभं राहिलं की हरणासारखं. डोळे मोठे, लांबट. मोठं नर कुत्रं खांद्यापाशी साधारण 68 ते 72 सेंटीमीटर, मादी 64 ते 68. यापेक्षा फार उंच, जाडजूड आई-बाप दिसले तर चौकशी करा.

पश्मीच्या पिल्लाला जन्मताना झालर नसते, हे लक्षात ठेवा. दोन महिन्यांचं असताना कानाच्या मागं आणि शेपटीखाली बोट फिरवलं तर केस जरा मऊ, लांबट, किंचित कुरळे लागतात, एवढंच. पूर्ण झालर यायला दीड-दोन वर्षं जातात. हरणीला घ्यायला गेलो तेव्हा सात पिल्लं होती, पाच आखूड केसाची आणि दोन पश्मी, मला तर सगळी सारखीच दिसत होती. ज्यांची कुत्री होती ते धनगर मामा घोंगडीवर बसलेले. त्यांनी एक पिल्लू उचललं, माझं बोट धरून त्याच्या कानामागं फिरवलं आणि म्हणाले, "डोळ्यानं नगं, बोटानं बघ." तेच पिल्लू हरणी.

घरी आणल्यावर पहिले दोन महिने सगळ्यात धोक्याचे. जंताचं औषध दोन आठवड्यांच्या वयापासनं दर पंधरवड्याला, तीन महिन्यांचं होईपर्यंत, मग सहा महिन्यांपर्यंत महिन्याला. लस सहा ते आठ आठवड्यांना पहिली, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं सोळा आठवड्यांचं होईपर्यंत, आणि तीन महिन्यांना रेबीज. एका डोसवर लोक थांबतात आणि तिथंच घात होतो, कारण आईच्या दुधातनं आलेली ताकद लवकरच्या लसीला नीट काम करू देत नाही, म्हणून शेवटचा डोस सगळ्यात महत्त्वाचा. तोपर्यंत पिल्लू रस्त्यावर, दुसऱ्याच्या अंगणात खाली सोडायचं नाही. पण कडेवर घेऊन मात्र फिरवा. बाजार दाखवा, ट्रॅक्टरचा आवाज ऐकवा, लहान पोरं, म्हातारी माणसं, टोपीवाले, हेल्मेटवाले सगळे दाखवा. कारवानी मुळात बुजरं. तीन ते चौदा आठवड्यांच्या वयात जे बघितलं नाही त्याला ते आयुष्यभर बिचकतंय.

घरात आधी पार्वोनं पिल्लू गेलं असेल तर फरशी ब्लीचनं धुवा, 30 भाग पाण्याला 1 भाग. मातीत मात्र तो विषाणू कितीतरी महिने जिवंत राहतो, तिथं ब्लीचचा उपयोग नाही. मी पहिलं पिल्लू गेल्यावर वर्षभर थांबलो.

खाणं. आपल्याकडची जुनी पद्धत म्हणजे ज्वारीची नाहीतर बाजरीची भाकरी ताकात नाहीतर दुधात कुस्करून. वाईट नाही, पण तेवढ्यावर ह्या कुत्र्याचे स्नायू तयार होत नाहीत, आणि वाढत्या पिल्लाचे पाय वाकडे झालेले मी बघितलेत. मी हरणीला सकाळी भाकरी-ताक आणि दोन उकडलेली अंडी, संध्याकाळी पाव किलोभर उकडलेलं चिकन आणि थोडी भाकरी देतो. शिजवलेली हाडं अजिबात नाही, चिरफाळ्या होऊन आतडं फाडतात. पिल्लाला दिवसातनं चारदा थोडं थोडं, मोठ्याला दोनदा. एकाच वेळी टोपलंभर घालायचं नाही आणि खाऊन झाल्यावर दीड-दोन तास पळवायचं नाही. ह्याची छाती खोल असते, अशा कुत्र्यांच्या पोटाला पीळ पडायचा धोका जास्त. पोट ढोलासारखं फुगलं, ओकायला बघतंय पण काहीच पडत नाही, एका जागी बसवेना, असं दिसलं की घरगुती औषधात वेळ घालवू नका, उचला आणि सरळ डॉक्टर. काही तासांचा खेळ असतो.

आणि आता आपल्या सांगली जिल्ह्यातल्या प्रत्येक कुत्रेवाल्यासाठी. द्राक्षं आणि बेदाणा कुत्र्याला विष आहे. तासगाव, कवठेमहांकाळ, पलूस, मिरज पूर्व, जत सगळीकडं बागा आणि बेदाण्याची शेडं. कुत्रं पायात असतंय, पोरं कौतुकानं खायला घालतात. कुत्र्याचे मूत्रपिंड बंद पडतात, द्राक्षातलं टार्टारिक ऍसिड याला कारणीभूत धरलं जातं. एखाद्या कुत्र्याला मूठभर खाऊन काही होत नाही आणि दुसरं थोड्यानंच जातंय, म्हणून एवढं चालतंय असं प्रमाण नाहीच. हरणीनं एकदा शेजारच्या शेडवर पसरलेल्या जाळीवरनं तोंड मारलं, मला कळलं तेव्हा अर्धा तास झाला असेल. गाडीवर मध्ये घेऊन डॉक्टरांकडं नेलं, त्यांनी इंजेक्शन देऊन उलटी करवली, सुरकुतलेले बेदाणे अख्खेच्या अख्खे पडले, मग दोन दिवस सलाईन. वाचली. उलट्या, सुस्ती, लघवी कमी होणं ही लक्षणं दिसेपर्यंत वाट बघितली तर उशीर झालेला असतो. कांदा, लसूण, चॉकलेट पण नको.

बारीक आहे की उपाशी आहे हे कसं ओळखायचं, तर बरगड्या बघू नका, मांडी दाबा. चांगल्या कारवानीची मांडी दगडासारखी घट्ट लागते आणि कणा दोन्ही बाजूच्या स्नायूंत बसलेला असतो. मांडी आत गेलीय, कणा करवतीसारखा हाताला लागतोय, केस राठ झालेत, तर ते खरंच उपाशी आहे किंवा जंत आहेत. मोठ्या कुत्र्याचं वजन 22 ते 28 किलो पुरतं. लोकांच्या बोलण्यानं घाबरून त्याला लठ्ठ करू नका, ते बारीक लांब पाय जास्तीच्या वजनासाठी नाहीत.

डॉक्टरांच्या बाबतीत एक गोष्ट जी मला कुणी सांगितली नव्हती. नजरेनं पाठलाग करणाऱ्या ह्या कुत्र्यांचं, म्हणजे साइटहाउंडचं रक्तच वेगळं असतंय. ग्रेहाउंडवर याचा भरपूर अभ्यास झालाय. तांबड्या पेशी इतर कुत्र्यांपेक्षा जास्त, प्लेटलेट कमी, थायरॉइडचा आकडाही कमी, आणि हे सगळं त्यांच्यासाठी नॉर्मल. आता अडचण बघा. आपल्याकडं गोचीड तापात प्लेटलेटच पडतात. मग रिपोर्ट बघून हा आजार आहे का ह्या कुत्र्याची ठेवण आहे हे कळायचं कसं? उपाय सोपा आहे. कुत्रं वर्ष-दीड वर्षाचं, एकदम ठणठणीत असताना एकदा रक्त तपासून घ्या, तो कागद लसीच्या कार्डाला पिन मारून ठेवा. पुढं आजारी पडलं की डॉक्टरांना तुलना करायला तेच आकडे उपयोगी पडतात.

दुसरं भुलीचं. अंगात चरबी नसल्यामुळं आणि औषध लिव्हरमधनं हळू बाहेर पडत असल्यामुळं थायोपेंटलसारखी भूल ह्या गटातल्या कुत्र्यांवर धोक्याची ठरते, तासन्तास उतरत नाही. नसबंदी असो, टाके असोत, आधीच सांगा की "डॉक्टर, हे साइटहाउंड आहे." नेहमी जनावरं बघणाऱ्या डॉक्टरांनाही सांगा, त्यात कमीपणा वाटायचं कारण नाही. टाक्यांचा प्रसंग येणारच, कारण कातडी कागदासारखी पातळ. बाभळीच्या काट्यानं, तारेच्या कुंपणानं बोटभर खरचटायचं तिथं हातभर फाटतंय.

गोचिडासाठी गोठ्यात फवारायचं औषध कुत्र्याच्या अंगाला लावू नका, चाटून विषबाधा होते. आणि म्हशीला देतात ते आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन अंदाजानं कुत्र्याला देणारे आपल्या भागात लय आहेत, त्यांना देऊ देऊ नका. गोचीड तापाची खूण म्हणजे ताप, खाणं सोडणं, हिरड्या पांढऱ्या पडणं, कधी नाकातनं रक्त. पश्मीच्या कानाच्या झालरीत आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड लपतात, रोज संध्याकाळी तिथं बोटं घालून बघा. झालरीत कुसळं आणि गोखरू पण अडकतात, कात्रीनं कापू नका, थोडं तेल लावून बोटांनी सोडवा.

झोपायची जागा मऊ पाहिजे. फरशीवर झोपून कोपराला घट्टे पडतात, मग जखमा. हरणीला घोंगडी दुहेरी करून टाकलीय. थंडीत अंगावर पण पांघरूण लागतंय, चरबी नसल्यानं कुडकुडतात. शिराळा, कराड, पाटण बाजूला उसात बिबट्याचा वावर आहे, तिथं रात्री कुत्रं अंगणात बांधायचंच नाही, घरात घ्या.

पट्ट्याचं. ह्या कुत्र्याचं डोकं मानेपेक्षा फार रुंद नसतंय, साधा पट्टा मागं सरकलं की कानावरनं सुटून येतो. चार बोटं रुंद, ओढलं की थोडा आवळणारा मार्टिंगेल पट्टा घ्या, नसेल मिळत तर चामड्याचं काम करणाऱ्याकडनं करून घ्या. लांब दोरीला किंवा साखळीला बांधून ठेवायचं नाही. मांजर दिसलं की हे दोन उड्यांत पूर्ण वेगात असतंय आणि दोरी संपते तिथं मानेला जो झटका बसतो त्यानं मान मोडू शकते. बांधायचंच असेल तर हातभर दोरी.

शेरडं-कोंबड्यांची सवय तीन महिन्यांच्या आधी लावा. आम्ही हरणीला रोज सकाळी धार काढताना गोठ्यात दोरीला धरून बसवायचो, करडू समोरनं उड्या मारत गेलं आणि ती बसून राहिली की अंड्याचा तुकडा. ओरडणं नाही, मारणं तर नाहीच. हे कुत्रं मार विसरत नाही, एकदा मारलं की महिनाभर हाताखाली येत नाही. बोलवल्यावर यायचं शिकवताना पण तसंच. आलं की प्रत्येक वेळी काहीतरी चांगलं मिळालं पाहिजे, कितीही उशिरा आलं तरी रागवायचं नाही. आणि एवढं करूनही लांब काहीतरी पळताना दिसलं की त्याला तुमची हाक ऐकू येत नाही, असंच धरून चाला.

जोड लावायचा विचार असेल तर मादी दीड वर्षाची झाल्याशिवाय नाही, आणि ओळीनं दोन माजावर नाही. पश्मीला पश्मीच जोड शोधा, पण भावंडांत किंवा बाप-लेकीत लावू नका, आकडा कमी आहे म्हणून घरातल्या घरात जोड लावायची घाई होते आणि मग पिल्लं अशक्त निघतात. आई-बाप, आजी-आजोबा कुठल्या वस्तीवरचे हे वहीत लिहून ठेवा. पश्मीची आखूड केसाची भावंडं कुणाला गेली तेही लिहा, लपलेलं पश्मीचं रक्त त्यांच्यात असू शकतंय.

आता मोकळी धाव. वर्षाचं होईपर्यंत खेळण्यातलं पळणं पुरे. मोटरसायकलमागं पळवायची आपल्याकडं हौस आहे, ती पिल्लाच्या वाढत्या हाडांना मारक आहे. वर्ष-सव्वा वर्षानंतर चारी बाजूनं कुंपण असलेली जागा बघा, निदान सहा फूट उंच, सुट्टीच्या दिवशी शाळेचं पटांगण परवानगी घेऊन मिळालं तर उत्तम. आधी स्वतः चालत फिरून काचा, तारा, खड्डे बघा. उन्हाळ्यात जतकडं चाळीसच्या वर पारा जातोय, तेव्हा उजाडायच्या आधीच. उपाशीपोटी न्या, दहा मिनिटं पट्ट्यात चालवून अंग गरम करा, मग पट्टा सोडा.

पहिल्यांदा हरणीला सोडलं तेव्हा ती दोन क्षण उभीच राहिली, मान वर, कान मागं. मग गेली. एका झेपेत दोनदा चारी पाय जमिनीपासनं सुटतात, एकदा पाय पोटाखाली गोळा झालेले आणि एकदा पुढं-मागं ताणलेले, मध्ये कणा धनुष्यासारखा वाकतोय आणि सुटतोय. कानाची झालर मागं चपटी झालेली. तीन फेऱ्या मारल्या आणि आपणहून माझ्याजवळ येऊन उभी राहिली. दोन-तीन मिनिटांची धाव पुष्कळ होते, जास्त पळवू नका. थांबल्यावर लगेच घटाघटा पाणी नाही, पाच मिनिटं चालवा, मग दोन-दोन घोट. धाप दहा-पंधरा मिनिटांत उतरली पाहिजे, नाही उतरली तर पोटाला, मांडीला ओलं फडकं लावा आणि पुढच्या वेळी कमी पळवा. घरी आलात की चारी तळवे, नखं आणि शेपटीचं टोक बघा, टोकाला मार लागतो आणि झालरीत रक्त दिसत नाही.